खुलासा: बायपोलर म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व नव्हे

सांगलीतल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लेखकांना सल्ला फिरतोय: ‘खुनी बायपोलर दाखवा, असा माणूस क्षणात दुसराच होतो, नंतर त्याला काही आठवत नाही.’ साफ चूक. तसं होणं हा दुहेरी व्यक्तिमत्त्वाचा, वेगळाच विकार. बायपोलर म्हणजे उन्माद (अति उत्साहाचा काळ) आणि नैराश्य यांच्या लाटा येणारा मनोविकार. त्यातला उन्माद साधारण आठवडाभर तरी टिकतो, नैराश्य दोन आठवडे किंवा जास्त. उन्मादात दोन तास झोपून ताजातवाना, रात्री तीनला माळ्यावरची भांडी काढून घासणारा, उसनवारी करून हळदीच्या सौद्यात पैसे ओतणारा माणूस लिहा की! (खून लिहायला सोपा, म्हणून सगळे तिकडे वळतात.) बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. आणि बायपोलरवर दिलं जाणारं लिथियम हे गुंगीचं औषध नव्हे. उन्मादावर ते १९४९पासून वापरात आहे. फक्त रक्तातलं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं. ते फार वाढलं की हात थरथरतात, तोल जातो.