चारचा सामना दोनला का?

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात चहा ठेवला, साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि निपाणीजवळच्या एका गावातल्या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल लावली. तिथं दुपारचे दोन वाजले होते. लाल माती, फक्कीच्या रेघा, एका गोलच्या मागं उसाचा फड. समालोचनाला माझा भाचा होता. आमच्या सीमाभागातलं समालोचन म्हणजे मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपतं आणि ऐकणाऱ्या कुणाचंच त्यात काही अडत नाही. बाविसाव्या मिनिटाला डाव्या बाजूच्या पोरानं बॉक्सच्या बाहेरून असा फटका मारला, की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. भाचा माइकमध्ये ओरडला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. कॅमेरा प्रेक्षक बसतात त्या बंधाऱ्याकडं वळला, तर तिथं फक्त एक सायकल आडवी पडली होती. माणसं होती ती लिंबाच्या झाडाखाली आणि टेम्पोच्या सावलीत, मोजून चाळीस-पन्नास. गोल मारलेला पोरगा हात वर करून बंधाऱ्याच्या दिशेनं पळत सुटला, अर्ध्यावर थांबला आणि परत फिरला.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. स्पर्धा समितीची बैठक गरमागरम झाली होती. तिकिटांचा गल्ला गेल्या वर्षीपेक्षा खूपच खाली आला होता आणि निम्म्या समितीनं खापर यूट्यूबवरच्या लाइव्हवर फोडलं होतं. घरबसल्या फुकट दिसतंय, मग मैदानावर येतंय कोण? लाइव्ह बंद करा. उरलेले निम्मे म्हणत होते, लाइव्ह हवंच, जाहिरातदार त्याच्यासाठीच पैसे देतो. आणि फायनलसुद्धा दोनलाच ठेवा, म्हणजे बक्षीस समारंभ चांगल्या उजेडात दिसेल, वळवाचा पाऊस यायच्या आत सगळं उरकेल.

"आत्ती, तूच सांग," भाचा म्हणाला. "तिकडं इंग्लंडात शनवारी तीनच्या मॅचा टीव्हीवर दाखवतच न्हाईत म्हणं. बैठकीत एकानं तेच काढलं. मग आम्ही बंद केलं तर काय चुकलं?"

त्या माणसानं ऐकलेलं खरं आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात सहसा फुटबॉलचा एकही सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. याचं श्रेय, किंवा ज्याला पटत नाही त्याच्या लेखी दोष, बॉब लॉर्ड या माणसाकडं जातो. धंद्यानं खाटीक. 1955 ते 1981 बर्नली क्लबचा अध्यक्ष. बर्नली माझ्या घरापासून बसनं जेमतेम अर्ध्या तासावर आहे. 1960 च्या दशकात त्यानं बीबीसीचे कॅमेरेसुद्धा आपल्या मैदानात येऊ दिले नव्हते. त्याचं म्हणणं साधं होतं: मोठ्या क्लबचा सामना घरात बसून बघायला मिळाला, तर त्याच वेळी गल्लीतल्या छोट्या क्लबच्या मैदानावर कोण जाईल? बाकीच्या क्लबांना ते पटलं आणि त्या वेळच्या थेट प्रक्षेपणावर पडदा पडला, तो आजही पडलेलाच आहे. 2025 पासून सुरू झालेल्या करारात प्रीमियर लीगला देशातल्या प्रक्षेपणासाठी चार वर्षांचे 670 कोटी पौंड मिळाले, हंगामाला किमान 267 सामने थेट दाखवायचं ठरलं. तरी शनिवारच्या तीनच्या सामन्यांना कुणी हात लावला नाही.

यात एक गंमत अशी, की तोच सामना भारतात दिसतो. उन्हाळ्याच्या वेळेनं इथले तीन म्हणजे निपाणीत संध्याकाळचे साडेसात. माझा भाऊ सोफ्यावर बसून जो सामना बघतो, तो मला त्या मैदानापासून तीस मैलांवर राहून टीव्हीवर बघता येत नाही.

मला त्याचा राग नाही. शनिवारी ड्यूटी नसली की मी अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनलीच्या मैदानावर जाते. साडेपाच हजारांच्या आत माणसं मावतील एवढंसं मैदान, त्यात बहुतेक वेळा दोन-अडीच हजार लोक. हा क्लब 1962 मध्ये कर्जापायी देशाच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडला आणि पुढं चार वर्षांत बुडाला, 1968 मध्ये गावानं तो पुन्हा उभा केला आणि लीगमध्ये परत यायला 2006 उजाडलं. तिथं माझ्या शेजारी नेहमी बसणाऱ्या बाईंनी थर्मासमधला चहा मला पहिल्याच दिवशी दिला होता. नाव मात्र तिसऱ्या सामन्याला विचारलं. त्या वेळी मँचेस्टरचा मोठा सामना टीव्हीवर असता, तर त्या दोन हजारांतले चार-पाचशे तरी पावसापाण्यात घराबाहेर पडले नसते असं मला वाटतं. म्हणून लॉर्डचं म्हणणं मी उडवून लावत नाही.

पण आमच्या समितीनं त्या नियमाचा अर्थ उलटा लावला आहे. इथं बंदी आहे ती दुसऱ्याचा सामना दाखवण्यावर, छोट्याचं मैदान मोठ्याच्या पडद्यापासून वाचावं म्हणून. आमचे लोक बंद करायला निघालेत तो स्वतःचा सामना. निपाणीत चारला सुरू झालेला सामना सहाच्या आत संपतो. प्रीमियर लीगचा शनिवारचा पहिला सामना पाचला लागतो आणि तीनचे सामने साडेसातला. चार वाजता आमच्या मैदानाशी स्पर्धा करणारा प्रीमियर लीगचा सामना पडद्यावर नसतो. मग ज्याच्यापासून वाचायचं तो शत्रू कोण?

मी भाच्याला विचारलं, त्याच दिवशी दुसरी सेमीफायनल कितीला होती? चारला. तिला माणूस किती होता? "फुल्ल," तो म्हणाला. "बंधाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती." तीसुद्धा मी बघितली होती, त्याच कॅमेऱ्यातून, त्याच लाइव्हवर. म्हणजे दोनला रिकामा असलेला बंधारा चारला भरला. लाइव्ह दोन्ही वेळा चालूच होतं, बदललं ते फक्त ऊन. आणि गल्ल्याचं म्हणाल, तर गेल्या वर्षापर्यंत दोन सेमीफायनल दोन दिवशी व्हायच्या, दोन्ही चारला, दोन दिवसांची दोन तिकिटं. यंदा कॅमेरेवाले कोल्हापूरहून दिवसाच्या भाड्यानं आणायचे म्हणून दोन्ही सामने एका दिवसात कोंबले. एका तिकिटात दोन सामने. गल्ला निम्म्यावर यायला यूट्यूब कशाला हवं?

लाइव्ह दाखवल्यानं माणूस तुटत नाही, लाइव्हच्या सोयीनं वेळ ठरवली की तुटतो, हे मी इथं राहून वारंवार बघितलं आहे. 2023 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, 24 डिसेंबरला, टीव्हीसाठी वुल्व्हरहॅम्प्टनचा वुल्व्ज क्लब आणि लंडनचा चेल्सी यांचा सामना ठेवला. लंडनहून वुल्व्हरहॅम्प्टनला येऊन-जाऊन सणाच्या आदल्या रात्री घर गाठायचं कसं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. बायकांच्या सुपर लीगचं दुःख तर मला जास्तच लागतं. 2022 च्या बायकांच्या युरो स्पर्धेची फायनल बघायला वेम्बलीवर 87,192 लोक होते आणि त्याच वेळी बीबीसीवर एक कोटी सत्तर लाखांहून जास्त. मैदान आणि पडदा दोन्ही एकाच दिवशी भरले. पुढं लीगला टीव्हीचा मोठा करार मिळाला आणि 2025-26 च्या हंगामापासून बहुतेक सामने रविवारी दुपारी बाराला नेऊन ठेवले. पोरंबाळं घेऊन येणाऱ्या बायकांनी, लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी तक्रारी केल्या: बाराच्या सामन्यासाठी पहाटे निघायचं, आणि रविवारी गाड्या किती असतात?

जर्मनीतल्या लोकांनी हे चालू दिलं नाही. सोमवारी रात्री सामने ठेवले, तेव्हा 2018 मध्ये फ्रँकफर्टला मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पडला, आणि 2021 पासून पहिल्या लीगमधले सोमवारचे सामने बंद झाले. टीव्ही मात्र बंद झाला नाही. तिथं शनिवारच्या दुपारचे सामने थेट दिसतात, तरी मैदानं भरतात, कारण उभं राहून बघायचं तिकीट कामगाराला परवडतं. डॉर्टमंडच्या एकट्या दक्षिण बाजूला जवळपास 25,000 माणसं उभी असतात.

रिकाम्या मैदानाचा खेळ पडद्यावर कसा दिसतो, तेही आपण सगळ्यांनी बघितलंय. जून 2020 मध्ये प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा मैदानात माणूस नव्हता आणि टीव्हीवाल्यांना गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सोडावा लागला. मी तेव्हा कोविड वॉर्डात रात्रपाळ्या करत होते. विश्रांतीच्या खोलीत तो टीव्ही चालू असायचा. गोल झाल्यावर आवाज एक क्षण उशिरा यायचा आणि आम्ही सगळ्या गप्प व्हायचो. परवा भाच्याच्या एकट्या ओरडण्यानंतर मला तीच खोली आठवली. जाहिरातदाराला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. रिकामा बंधारा त्याच्याही मालाची किंमत पाडतो.

आपल्याकडं लोकांना आवड नाही म्हणणाऱ्यांनी 2018 चा जून आठवावा. 1 तारखेला मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारतानं चायनीज तैपेईला 5-0 हरवलं तेव्हा तिथं 2,569 लोक होते. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. 4 तारखेला केनियाविरुद्ध ते मैदान खचाखच भरलं. त्याच्या आदल्या वर्षी 17 वर्षांखालील विश्वचषकाला देशभरात तेरा लाखांवर लोक आले, आणि त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला तो माहीत आहे.

लाइव्ह बंद करू नका असं मी म्हणते, त्यामागं माझी दोन कारणं आहेत आणि दोन्ही सीमाभागातलीच आहेत.

लहानपणी अण्णा मला एसटीनं कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर न्यायचे. कागल गेलं की मी खिडकीत उभी राहायची. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, खंडोबा विरुद्ध शिवाजी; स्टेडियमच्या बाहेरूनच तो आवाज पोटात शिरायचा. अण्णा भडंगाची पुडी माझ्या हातात द्यायचे आणि हाफटाइमपर्यंत उघडू द्यायचे नाहीत. मी तेरा वर्षांची झाले आणि ते बंद झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी मनाई केली नाही. चार तास बसायचं तर बाईमाणसानं जायचं कुठं, एवढा एकच प्रश्न होता आणि त्याला मैदानात जागा नव्हती. आज निपाणीच्या आसपासच्या गावांत अशा किती मुली असतील! त्यांचं मैदान म्हणजे तो मोबाइल. तो काढून घेतला तर त्या बंधाऱ्यावर येणार नाहीत, त्या खेळातूनच जातील. गल्ला वाढवायचाच असेल तर समितीनं पडदे लावून दोन स्वच्छ, पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं उभी करावीत आणि बंधाऱ्याचा एक कोपरा बायका-मुलांसाठी राखावा. त्यातून येणारी तिकिटं आजवर कधी गल्ल्यात पडलेलीच नाहीत.

दुसरं कारण म्हणजे रस्ता. सीमाप्रश्नावरून ताण वाढला की पहिल्यांदा बस थांबतात. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावात एका कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या. अशा वेळी निपाणीच्या माणसाला शाहू स्टेडियम आणि कोल्हापूरच्या माणसाला आमचं मैदान कोगनोळी नाक्याच्या पलीकडं राहतं. लाइव्ह त्या नाक्यावर थांबत नाही.

तेव्हा भाच्याला मी सांगितलं ते असं. लाइव्ह ठेवा. सेमीफायनल पुढच्या वर्षी पुन्हा दोन दिवशी करा. दुसऱ्या दिवसाचं कॅमेऱ्याचं भाडं बंधाऱ्यावरची माणसं देतील. फायनल चारला. वळीव आला तर खेळ थांबेल, पुन्हा सुरू होईल. आमची माणसं पावसाला भिऊन पळणारी नव्हेत, उन्हाला मात्र शहाणी आहेत. बक्षीस समारंभ लांबू नये असं वाटत असेल तर भाषणं कमी करा.

"जाहिरातवाला ऐकंल का?" त्यानं विचारलं.

त्याला त्या पहिल्या गोलचा तुकडा दाखव, मी म्हटलं, पोरगा अर्ध्यावरून परत फिरतो तिथपर्यंतचा. आणि लगेच चारच्या सामन्यातला कुठलाही गोल दाखव.

बैठक येत्या रविवारी आहे. फायनल चारला ठरली तर इथं सकाळचे साडेअकरा असतील आणि त्या शनिवारी माझी दिवसपाळी आहे. दोनला ठेवली, तर रजा नाही पण उशिरा येण्याची परवानगी काढून बघता येईल असं मी आधी भाच्याला सांगून बसले होते. ते त्यानं बैठकीत सांगू नये. चारलाच ठेवा.