धाकट्या हायडनवर एवढी शाई कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मिखाएल हायडनवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबेल. तुमचं म्हणणं असं: मिखाएल हायडन दुय्यम संगीतकार, त्यात दारुडा, दम असता तर एव्हाना नाव झालंच असतं, आणि योझेफ हायडनसारख्या नामवंत संगीतकाराचा धाकटा भाऊ नसता तर मीही त्याच्यावर लिहायला बसलो नसतो.

आधी दारू. हा आरोप येतो मुख्यतः लेओपोल्ड मोत्सार्टच्या, म्हणजे प्रसिद्ध संगीतकार मोत्सार्टच्या वडिलांच्या, पत्रांतून. 1777-78 मध्ये तो परगावी गेलेल्या मुलाला साल्झबर्गच्या खबरी कळवत असे, त्यात हायडन झिंगून ऑर्गनवर बसल्याच्या तक्रारी आहेत. पण लेओपोल्ड हायडनसारखाच साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात नोकरीला, आणि तिथे संगीत-उपप्रमुखपदावर अडकून पडलेला माणूस. सहकाऱ्याविषयी त्याने घरच्या पत्रात काढलेले उद्गार म्हणजे पंचनामा नव्हे. हायडन पीत असेलही. तरी 1763 पासून 1806 मध्ये मरेपर्यंत तो साल्झबर्गलाच राहिला, आणि धाकट्या मोत्सार्टने सोडलेली कॅथेड्रलच्या ऑर्गनवादकाची जागा 1782 मध्ये साल्झबर्गचा तेव्हाचा सत्ताधीश आर्चबिशप कोलोरेडो याने त्यालाच दिली. कोलोरेडो नोकरांचे लाड करणारा मालक नव्हता, हे मोत्सार्टचं चरित्र वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

आता दम. मोत्सार्टच्या सिम्फनींच्या यादीत 37 वा क्रमांक असतो, पण ती सिम्फनी मोत्सार्टची म्हणून आज कुणी वाजवत नाही. कारण ती मिखाएल हायडनची आहे. 1783 मध्ये मोत्सार्टने तिला सुरुवातीचा एक संथ तुकडा जोडला, एवढंच. हस्ताक्षर मोत्सार्टचं, म्हणून रचनाही त्याचीच असं धरलं गेलं आणि 1907 पर्यंत कुणाला शंका आली नाही. म्हणजे मोठं नाव चिकटलेलं असताना हेच संगीत अभ्यासकांना अस्सल वाटत होतं! दुय्यमपणा तेव्हा कुणाच्या कानाला खटकला नाही, याचं काय करायचं?

दुसरी गोष्ट त्याच्या सी मायनर रेक्विएमची. डिसेंबर 1771 मध्ये कोलोरेडोच्या आधीचा आर्चबिशप श्राटनबाख वारला आणि हायडनने मृतांसाठीची ही प्रार्थना जेमतेम दोन आठवड्यांत लिहून काढली. त्याच वर्षी जानेवारीत त्याची एकुलती एक मुलगी वर्षाची होण्याआधीच गेली होती. रचनेत ते दुःख शोधायचा मोह मला होतो, पण तेवढा पुरावा नाही. पुरावा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा: पहिल्या प्रयोगांत वादकांमध्ये मोत्सार्ट बाप-लेक होते. वीस वर्षांनी त्या मुलाने स्वतःचं रेक्विएम लिहायला घेतलं, तेव्हा हे त्याच्या कानात होतं. दोन्हींची सुरुवात लागोपाठ ऐकलीत तर वेगळं सांगावं लागणार नाही.

मग नाव का झालं नाही? तो लिहायचा प्रामुख्याने चर्चसाठी. कोलोरेडोने प्रार्थनाविधी आटोपशीर करायचं ठरवल्यावर त्याने शंभराच्या आसपास छोटी ग्रॅज्युअल गीतं (उपासनेत बायबलच्या वाचनांदरम्यान गायची) लिहिली. रविवारच्या उपासनेत गाऊन झालं की त्यांचं काम संपलं. तिकीट काढून ऐकायचं ते संगीतच नव्हे. शिवाय रचना छापून घेण्याचा त्याला कंटाळा, किंबहुना तिटकारा. योझेफच्या छापील रचना पॅरिस-लंडनमध्ये विकली जात होती, तेव्हा याचं संगीत हस्तलिखितांतून एका मठाकडून दुसऱ्या मठाकडे जात होतं. पुढे फ्रेंच सैन्याने साल्झबर्गमध्ये लूट केली, त्यात याचंही घर धुतलं गेलं. त्यानंतर योझेफला पदरी ठेवणाऱ्या एस्टरहाझी या सरदार घराण्याकडून नोकरीचं बोलावणं आलं, तरी हा गेला नाही. गुणवत्तेचा संबंध असलेलं यातलं एकही कारण मला दिसत नाही.

सिम्फनी आणि क्वार्टेटमध्ये (चार वाद्यांसाठीच्या रचनांत) योझेफ कितीतरी पुढे आहे, त्यावर वाद घालणार नाही. पण चर्चसंगीतात धाकटा आपल्यापेक्षा सरस, हे योझेफचंच मत होतं असं त्याच्या समकालीनांनी नोंदवलंय. लहानपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन्समध्ये दोघे गायचे. योझेफचा आवाज फुटायला लागल्यावर सम्राज्ञीची मर्जी मिखाएलच्या गळ्यावर बसली आणि एकल गाणं त्याच्याकडे गेलं, अशी कथा त्याच्या जुन्या चरित्रांत येते. त्या दिवसांत कोण कुणाचा भाऊ म्हणून ओळखला जात असेल?

वेबर आणि डियाबेली हे पुढे नाव कमावलेले संगीतकार मिखाएलकडे शिकले, हे लेखात होतंच. त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. पुढच्या प्रतिक्रियेत आधी तेवढं घ्या.