‘फिक्स मिळाला की बिंदू अचूक’ : एका दाव्याचा प्रतिवाद

बांधकाम क्षेत्रातील मंडळींमध्ये सध्या एक दावा मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : आरटीके जीपीएस (एका जागी ठेवलेल्या ‘बेस’च्या मदतीने पोलवरच्या फिरत्या ‘रोव्हर’ची जागा लगेच काढणारे उपग्रह-साधन) आणि त्यासोबतचे सर्व्हे सॉफ्टवेअर हाती आले की लाइनआउटसाठी, म्हणजे ड्रॉइंगमधले बिंदू जमिनीवर मार्क करण्यासाठी, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र), ऑटो लेव्हल (पातळी मोजणारी दुर्बीण) आणि अनुभवी सर्व्हेअर यांची गरज उरत नाही. पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की ठरल्याची खूण) दिसला की बिंदू आठ मिलिमीटरच्या आत असतो. जीपीएस थेट जागतिक को-ऑर्डिनेट देत असल्यामुळे साइट कॅलिब्रेशन (जीपीएसचे आकडे साइटवरच्या ज्ञात बिंदूंशी जुळवून घेणे) एका बिंदूवर केले तरी पुरते. पातळीही त्याच रोव्हरने देता येते, ड्रॉइंगची फाइल कंट्रोलरमध्ये भरली की माणसाच्या हातून होणारी चूक संपते, आणि म्हणून फेरतपासणीत वेळ घालवण्याचे कारण नाही.

या साधनाविषयी माझी तक्रार नाही. मोकळ्या जागेवरचे मातीकाम, रस्त्याची मध्यरेषा किंवा पाइलच्या जागा यांसाठी ते उत्तम आहे. पाइलच्या जागेत सर्वसाधारणपणे ७५ मिलिमीटरपर्यंतचा फरक स्वीकारला जातो आणि आरटीके त्या मर्यादेत सहज बसते. आक्षेप आहे तो सॉफ्टवेअर जी खात्री देऊच शकत नाही ती त्याच्या नावावर खपवली जाण्याला. स्टेकआउटच्या (बिंदू शोधून खुंटी ठोकण्याच्या) पडद्यावर ‘०.००४’ असा आकडा दिसतो तेव्हा तो केवळ दोन गोष्टींमधले अंतर सांगत असतो : रोव्हरने त्या क्षणी गणित करून काढलेली स्वतःची जागा आणि आपण फाइलमधून भरलेला बिंदू. ही जागा जमिनीवरच्या कंट्रोलशी (आधीच अचूक मोजून ठेवलेल्या बिंदूंशी) जुळते का आणि तो बिंदू मुळात बरोबर आहे का, हे दोन्ही प्रश्न त्या आकड्याच्या बाहेरचे आहेत. दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी असली तरी पडद्यावर चार मिलिमीटरच दिसतील.

पहिला मुद्दा आठ मिलिमीटरचा. माहितीपत्रकात बहुधा ‘आडवी अचूकता ८ मिमी अधिक १ पीपीएम, उभी १५ मिमी अधिक १ पीपीएम, आरएमएस’ असे छापलेले असते. त्यातला पीपीएमचा भाग म्हणजे बेसपासूनच्या प्रत्येक किलोमीटरमागे एक मिलिमीटर. बेस ५ किलोमीटरवर असेल तर आडवी अचूकता १३ आणि उभी २० मिलिमीटर होते. शिवाय आरएमएस (त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. साधारण दोन तृतीयांश निरीक्षणे त्या आत येतात आणि उरलेली बाहेर जातात, हे गृहीत धरूनच तो आकडा दिलेला असतो. त्यात पोलचा कलही धरलेला नसतो. दोन मीटरचा पोल एक अंशाने कलला तर टोक आणि अँटेना यांच्यात साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि बबलच बिघडलेला असेल तर पोल ओळंब्यात आहे असे वाटत असतानाही तो कललेलाच असतो. कल भरून काढणाऱ्या सेन्सरमुळे ही अडचण कमी होते, पण त्या सेन्सरचीही स्वतःची त्रुटी असते आणि ती कलाबरोबर वाढते.

‘फिक्स’ या शब्दावरचा विश्वास तर आणखी तपासून पाहावा लागतो. आरटीके हे वाहक लहरींच्या मोजणीवर चालते. उपग्रहाकडून येणाऱ्या एल-१ या वाहक लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये अशा किती पूर्ण लहरी आहेत, ही पूर्णांक संख्या सॉफ्टवेअरला गणिताने ठरवावी लागते. ती ठरली की ‘फिक्स’ दिसतो. ती चुकीचीही ठरू शकते. इमारतीच्या भिंती, क्रेन, लोखंडी पत्रे किंवा दाट झाडी यांच्या शेजारी परावर्तित लहरी मिसळतात आणि अशा वेळी चुकीच्या पूर्णांकांवर बसलेला फिक्स काही डेसिमीटरने सरकलेला असूनही पडद्यावर देखणा आरएमएस दाखवतो. तिथेच उभे राहून दहा मिनिटे सरासरी घेतल्यानेही ही चूक जात नाही, कारण दहा मिनिटांत उपग्रहांची मांडणी फारशी बदलत नाही आणि परावर्तन जवळजवळ तेच राहते. आयएसओ १७१२३-८ हे आरटीके साधनांच्या क्षेत्रीय चाचणीचे मानक याच कारणाने निरीक्षणांच्या मालिकांमध्ये किमान ९० मिनिटांचे अंतर ठेवायला सांगते.

दुसरा मुद्दा, ‘एका बिंदूवर कॅलिब्रेशन पुरते’ हा, माझ्या मते सर्वांत महागात पडणारा आहे आणि म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जीपीएस जे को-ऑर्डिनेट देते ते पृथ्वीच्या गोलाभावरचे (तिच्या आकाराच्या गणिती मॉडेलवरचे) असतात. सॉफ्टवेअर ते एखाद्या प्रक्षेपणावर (वक्र पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीवर), बहुतेक वेळा यूटीएम या प्रक्षेपणावर, सपाट करते. यूटीएममध्ये प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखांशावर मापनगुणक ०.९९९६ असतो, म्हणजे नकाशावरचे अंतर गोलाभावरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी असते. जागा समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर असेल तर आणखी किलोमीटरमागे साधारण साडेनऊ सेंटिमीटरची भर पडते. दोन्ही मिळून किलोमीटरमागे सुमारे ४९ सेंटिमीटर होतात. डिझाइनरने ड्रॉइंगमध्ये लिहिलेले ६ मीटर मात्र जमिनीवर टेपने मोजायचे ६ मीटर असतात. ती फाइल जशीच्या तशी यूटीएमवर बसवून कॉलम मार्क केले, तर प्रत्येक गाळा (शेजारच्या दोन कॉलममधले अंतर) सुमारे ३ मिलिमीटर मोठा होईल. साइट इंजिनिअरने शेजारच्या दोन कॉलममध्ये टेप लावला तर ३ मिलिमीटर त्याच्या लक्षातही येणार नाहीत. मात्र ४० गाळ्यांच्या २४० मीटर लांब शेडचा शेवटचा कॉलम जवळजवळ १२ सेंटिमीटर पुढे गेलेला असेल, आणि कारखान्यातून छिद्रे पाडून आलेले पोलादी भाग बसवायला घेतले की हे कळेल. रोव्हरमध्ये काही बिघाड नव्हता, प्रत्येक बिंदूवर फिक्स होता आणि प्रत्येक बिंदू पडद्याप्रमाणे बरोबर होता.

एका बिंदूवरच्या कॅलिब्रेशनने केवळ सरक दुरुस्त होते. दिशा आणि मापनगुणक तसेच राहतात. दिशेचा फरक लहान नसतो. मध्य रेखांशापासून २ अंश दूर आणि ३० अंश अक्षांशावर असलेल्या जागेत ग्रिडची (सपाट केलेल्या नकाशाच्या चौकटीची) उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात जवळपास १ अंशाचा कोन असतो, आणि १ अंश म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. दोन बिंदू घेतले तर सरक, दिशा आणि मापनगुणक तिन्ही निघतात, पण मग तपासायला काहीच उरत नाही : दोन बिंदूंवर बसवलेल्या गणिताची शिल्लक त्रुटी (गणिताने आलेला आणि ज्ञात आकडा यांतला फरक) नेहमी शून्यच येते, मग त्यातल्या एका बिंदूचा आकडा चुकीचा टाइप झालेला असला तरी. उंचीच्या झुकत्या प्रतलासाठी तीन बिंदूंची हीच गत होते. म्हणून आडव्या कंट्रोलसाठी किमान तीन आणि उंचीसाठी किमान चार बिंदू हवेत, ते साइटला चारी बाजूंनी वेढणारे हवेत, आणि निघालेला मापनगुणक व प्रत्येक बिंदूची शिल्लक त्रुटी वाचूनच ‘स्वीकारा’ हे बटण दाबले पाहिजे. सगळे बिंदू गेटजवळच्या एका कोपऱ्यात घेऊन ५०० मीटर पलीकडे खुंट्या ठोकल्या, तर कोपऱ्यातली लहानशी चूक तिथे कितीतरी पटींनी वाढलेली असते.

‘जागतिक को-ऑर्डिनेट’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. बेस रोज सकाळी ‘इथेच’ असे बटण दाबून स्वतःच काढलेल्या जागेवर सुरू केला तर आजच्या आणि कालच्या बिंदूंमध्ये मीटरभराचा किंवा त्याहून मोठा फरक पडू शकतो. डेटमचा, म्हणजे को-ऑर्डिनेट ज्या संदर्भचौकटीत मोजतात तिचा, प्रश्न त्याहून वेगळा. ऑस्ट्रेलियाचा भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो आणि तिथे १९९४ च्या डेटमवरून २०२० च्या डेटमवर जाताना त्याच खांबाचे को-ऑर्डिनेट सुमारे १.८ मीटरने बदलले. खांब जागचा हलला नव्हता. रोव्हरला मिळणारे करेक्शन (दुरुस्ती) कोणत्या डेटममध्ये येत आहे आणि प्रकल्पाचा कंट्रोल कोणत्या डेटममध्ये आहे, हे विचारल्याशिवाय ‘जागतिक’ या शब्दाला साइटवर अर्थ नाही.

पातळीविषयीचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. जीपीएसची उंची गोलाभापासूनची असते, तर पाणी भूआभाप्रमाणे (सरासरी समुद्रपातळीशी जुळणाऱ्या समपातळी पृष्ठभागाप्रमाणे) वाहते. या दोन पृष्ठभागांमधले अंतर पृथ्वीवर सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलते. सॉफ्टवेअरमध्ये ईजीएम २००८ सारखे जागतिक मॉडेल भरून हा फरक भरून काढता येतो, परंतु अशा मॉडेलमध्ये काही भागांत डेसिमीटरच्या श्रेणीतली त्रुटी राहते. स्थानिक बेंचमार्कशी (ज्ञात उंचीच्या खुणेशी) जुळवून घेतले तरी आरटीकेची उभी अचूकता आडवीपेक्षा कमीच असते. ड्रेनेज लाइनला १:५०० उतार द्यायचा असेल तर १० मीटरमध्ये २० मिलिमीटर उतार मिळतो, आणि बेस ५ किलोमीटरवर असताना रोव्हरच्या उंचीतली अनिश्चितता तेवढीच आहे. अशा लाइनमध्ये एखादा चेंबर उलट्या उताराचा निघाला तर नवल नाही. साधा ऑटो लेव्हल एक किलोमीटरच्या दुहेरी लेव्हलिंगमध्ये साधारण २ ते २.५ मिलिमीटरची अचूकता देतो. उत्खननाची खोली रोव्हरने पाहावी. पीसीसीची (पायाखालच्या साध्या काँक्रीटची) वरची पातळी, प्लिंथ आणि पाइपचे तळ मात्र बेंचमार्कवरून लेव्हलनेच द्यावेत.

फाइल थेट भरल्याने चूक संपते, हेही खरे नाही; ती फक्त दिसेनाशी होते. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि सॉफ्टवेअर मीटरमध्ये असेल तर निदान गोंधळ लगेच उघड होतो. नॉर्दिंग आणि ईस्टिंगचे (उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या अंतरांचे) स्तंभ उलटे झाले, कॉलमच्या मध्याऐवजी कडा निवडली गेली, प्रिंट काढण्यासाठी कोणी ड्रॉइंग फिरवून ठेवले, किंवा मागची आवृत्ती कंट्रोलरमध्ये राहिली, तर खुंटी अत्यंत अचूकपणे चुकीच्या जागी बसते. फूट वापरणाऱ्या फाइलमध्ये आणखी एक सापळा आहे. आंतरराष्ट्रीय फूट आणि अमेरिकेत २०२२ अखेरीपर्यंत अधिकृत असलेला सर्व्हे फूट यांत केवळ दहा लाखांत दोन भाग एवढा फरक आहे. पण ईस्टिंग ५,००,००० मीटर असेल तर तेवढ्यानेही बिंदू एक मीटर सरकतो. जुन्या पद्धतीत सर्व्हेअर ड्रॉइंगवरची परिमाणे हाताने बेरजेला लावून पाहत असे आणि पुष्कळ चुका तिथेच सापडत. फाइल भरण्याच्या सोयीत ही पायरी गळाली आहे, आणि ती परत आणायला हवी : को-ऑर्डिनेटवरून अंतरे काढून छापील परिमाणांशी जुळवावीत, निदान बाहेरच्या चार कोपऱ्यांची आणि दोन्ही कर्णांची.

उरला फेरतपासणीचा मुद्दा. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या एखाद्या कंट्रोल बिंदूवर कामाच्या आधी आणि नंतर रोव्हर ठेवून पाहायला काही मिनिटे लागतात. महत्त्वाचे बिंदू फिक्स तोडून, पुन्हा मिळवून, दीड-दोन तासांनी परत मोजता येतात. मार्क केलेल्या ग्रिडचे कर्ण टेपने किंवा टोटल स्टेशनने मोजता येतात, आणि यातली टोटल स्टेशनची मोजणी विशेष मोलाची, कारण तिच्या चुका जीपीएसच्या चुकांहून वेगळ्या कारणांनी होतात. अँकर बोल्टसारख्या काही मिलिमीटरच्या कामाला तर रोव्हर लावूच नये. तिथे साइटवर पक्के कंट्रोल बांधून घ्यावेत, त्यांचे परस्पर अंतर टोटल स्टेशनने ठरवावे, आणि बुर्जीवरच्या (रेषा मार्क करण्यासाठी बांधलेल्या छोट्या खांबावरच्या) सेंटर लाइन त्यावरून द्याव्यात. खुंटी ठोकल्यावर तिची प्रत्यक्ष मोजलेली जागा साठवून ठेवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. त्या नोंदीसोबत पोलची उंची, बेसचा बिंदू, कॅलिब्रेशनची शिल्लक त्रुटी आणि ड्रॉइंगचा आवृत्ती क्रमांक लिहिला, तर काँक्रीट पडण्याआधी दुसरा कोणीही ते काम तपासू शकतो.