‘उतारा म्हणजे फुकटचे चार गुण’ : एका फॉरवर्डला उत्तर

दहावीच्या पालकांच्या गटांत एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. त्याचा आशय असा : वाचन चौथीपर्यंत शिकवून संपतं, हायस्कूलच्या मुलाला वाचायला काय शिकवायचं? अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचा, उतारा म्हणजे फुकटचे गुण. आधी प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधा, ते वाक्य उतरवा. वेग वाढवण्यासाठी रोज घड्याळ लावून वाचा. हे काम मराठीच्या शिक्षकांचं, इतरांचा संबंध नाही. आणि शेवटी, गोष्टीची पुस्तकं भरपूर वाचली की सगळं आपोआप जमतं.

एकेक घेऊ.

‘चौथीपर्यंत वाचन येतं’

काय येतं, ते आधी बघायला हवं. देवनागरीत बहुतेक शब्द जसे लिहिले तसे उच्चारले जातात. त्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं मूल अर्थ न कळता अख्खं पान खडाखडा वाचून दाखवू शकतं. घरच्यांना वाटतं, पोराला वाचता येतं. खरं तर पोराला उच्चारता येतं.

तेही सगळ्यांना येतं असं नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. ती पाहणी २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतली होती, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तुमच्या शाळेला लावू नका. पण ‘चौथीपर्यंत झालं’ हे गृहीतही धरू नका.

घरी पाच मिनिटांत तपासता येतं. विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकातला, अजून न शिकवलेला शंभर-सव्वाशे शब्दांचा परिच्छेद घ्या. मुलाला मनात वाचू द्या, पुस्तक मिटा आणि दोन वाक्यांत सांगायला लावा. मग पुस्तक उघडून एखाद्या ‘त्यामुळे’वर बोट ठेवा आणि विचारा, ‘त्यामुळे म्हणजे कशामुळे?’ इथे गाडी अडते. ‘हे’, ‘ते’, ‘यावरून’, ‘त्यामुळे’ हे शब्द मागच्या वाक्याकडे, कधी मागच्या अख्ख्या परिच्छेदाकडे बोट दाखवतात. ते बोट कुठे जातंय हे कळलं नाही, की वाक्यं सुटीसुटी राहतात. मोठ्याने वाचताना शंभर शब्दांत दहाहून जास्त ठिकाणी मूल अडखळत असेल, तर अडचण त्याआधीची आहे. त्याला आधी सोपा मजकूर द्यावा लागेल.

‘शब्द शोधा, वाक्य उतरवा’

ही युक्ती कधीकधी चालते, म्हणूनच ती घातक आहे. नमुन्यासाठी रचलेला हा ३० शब्दांचा उतारा पाहा :

‘गावातली विहीर आटली, तेव्हा लोकांनी पावसाला दोष दिला. पाऊस मात्र दर वर्षीइतकाच झाला होता. बदललं होतं ते शिवार. ज्वारीच्या जागी ऊस आला आणि चार वर्षांत बोअरची संख्या ७वरून ३९वर गेली.’

प्रश्न : विहीर आटण्याचे कारण लिहा.

शब्द शोधणारा मुलगा ‘विहीर आटली’पाशी थांबतो, शेजारी ‘पावसाला दोष’ दिसतो आणि लिहितो, ‘पाऊस कमी पडल्यामुळे’. गुण गेले. पहिल्या वाक्यात लोकांचं मत आहे, लेखकाचं नाही. दुसऱ्या वाक्यातला ‘मात्र’ ते मत खोडतो. खरं कारण शेवटच्या वाक्यात आहे आणि तिथे ‘विहीर’ही नाही, ‘कारण’ही नाही. उसाला पाणी जास्त, म्हणून बोअर वाढले, म्हणून विहीर आटली, ही साखळी वाचणाऱ्याने जोडायची आहे.

प्रश्न आधी वाचायला हरकत नाही. त्यानंतर मात्र उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग एकदा वाचायचा. दुसऱ्या वाचनात ‘मात्र’, ‘पण’, ‘तरीही’, ‘उलट’, ‘एवढंच नव्हे तर’ यांना पेन्सिलीने गोल करायचा, कारण लेखक वळण घेतो ते इथेच. मग प्रत्येक मताशेजारी लिहायचं : हे कोण म्हणतंय?

कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या, कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) पत्राला पर्याय म्हणून याच अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश असतो. तिथे बहुतेक जण पहिल्या तीन ओळी उतरवतात. वरच्या उताऱ्यात तसं केलं तर सारांशात राहील फक्त लोकांचा गैरसमज. ३० शब्दांचे १० करायचे तर असे : ‘पाऊस कमी नसूनही ऊस आणि बोअर वाढल्याने गावची विहीर आटली.’ ‘चार वर्षांत’, ‘७वरून ३९वर’ हे तपशील गळले, कारण आणि परिणाम राहिले. ‘म्हणून पाणी जपून वापरावे’ असं काही शेवटी चिकटवायचं नाही. उताऱ्यात ते नाही.

‘वेग वाढवा’

मराठीचा पेपर ८० गुणांचा, ३ तासांचा. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि चार गुणांच्या अपठित उताऱ्याला नऊ. उतारा दीडशे शब्दांचा धरला आणि मूल मिनिटाला शंभरच शब्द वाचत असलं, तरी दीड मिनिटात वाचून होतं. दोनदा वाचला तरी उत्तरांना सहा मिनिटं उरतात. अपठितात वेळ जातो तो न कळलेलं वाक्य चौथ्यांदा वाचण्यात.

शिवाय ‘मिनिटाला ३०० शब्द’ छापाची लक्ष्यं इंग्रजीवरून उचललेली असतात. ‘घरासमोरच्यासुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे बरेच शब्द होतील. दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावणं चूक.

‘इतर विषयांचा संबंध नाही’

सगळ्यात जास्त गुण इथे सांडतात आणि दोष जातो ‘गणित कच्चं’ या सदरात.

‘एका संख्येची दुप्पट दुसऱ्या संख्येपेक्षा ५ने जास्त आहे.’ अनेक मुलं डावीकडून उजवीकडे उतरवत जातात : दुप्पट म्हणजे २क्ष, ५ने जास्त म्हणजे अधिक ५, आणि समीकरण होतं २क्ष + ५ = य. हवं होतं २क्ष = य + ५. दुप्पट आधीच मोठी आहे, ५ मिळवायचे ते लहान बाजूला. ही चूक बीजगणिताची नाही, ‘पेक्षा’ न वाचल्याची आहे. तसंच ‘भाव २० रुपयांनी उतरला’ आणि ‘भाव २० रुपयांवर उतरला’. फरक एका प्रत्ययाचा, उत्तर पार वेगळं.

विज्ञानात ओळखीचे शब्दच दगा देतात. डोक्यावर बोजा घेऊन स्थिर उभ्या असलेल्या हमालाने कार्य केलं का? घरच्या मराठीत, अर्थातच, घाम गाळलाय बिचाऱ्याने. भौतिकशास्त्रात विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. ‘वजन’ बाजारात किलोत आणि पुस्तकात न्यूटनमध्ये. चंद्रावर वस्तुमान तेवढंच राहतं, वजन सुमारे एक षष्ठांश होतं. असे शब्द वहीत दोन रकान्यांत लिहायचे, एकात रोजचा अर्थ, दुसऱ्यात विषयातला. हे काम विज्ञानाच्या शिक्षकांनीच करायचं. मराठीच्या तासाला कार्य आणि विस्थापन कोण शिकवणार?

प्रश्नातली क्रियापदंही वाचावी लागतात. ‘फरक स्पष्ट करा’ला दोन स्वतंत्र टिपा लिहून भागत नाही, मुद्द्यासमोर मुद्दा यावा लागतो. ‘विधान सकारण स्पष्ट करा’मध्ये विधान पुन्हा लिहिलं म्हणजे कारण दिलं असं होत नाही.

‘गोष्टी वाचा, आपोआप जमेल’

यात तथ्य आहे. भरपूर वाचणाऱ्याचा शब्दसाठा वाढतो, लांब वाक्यांची भीती जाते. पण गोष्ट वाचकाला पुढे ओढते. एखादा परिच्छेद सुटला तरी कथा कळते. व्याख्या, तक्ता, सूचना, नियम यांत एक शब्द सुटला की सगळंच फसतं. ते वाचन वेगळं आणि त्याचा सराव वेगळा.

त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही. महावितरणचं बिल मुलासमोर ठेवा. मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळं त्यावर छापलेलं असतं. घरगुती बिलात पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. विचारा : १२० युनिटं वापरली तर दुसऱ्या टप्प्याचा वाढीव दर किती युनिटांना लागेल? ‘१२०’ असं उत्तर आलं, तर दरांचा तक्ता पुन्हा वाचायला द्या. तो दर वरच्या २० युनिटांनाच लागतो.