‘नुसता ठराव सांगा’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “सगळं गटनेत्यांच्या बैठकीत आधीच ठरलेलं असतं. सभागृहातला तमाशा पानभर लिहिण्यापेक्षा काय मंजूर झालं ते चार ओळींत सांगा.” अभिनंदनाचे ठराव आणि राजदंड पळवण्याचे प्रयोग यांचा मलाही कंटाळा आहे, ते यापुढे एका ओळीत उरकतो. चर्चा मात्र गाळणार नाही.

कारण चार ओळींत हाती काय लागतं? ‘विषय उपसूचनेसह मंजूर.’ ही उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात ऐनवेळी सुचवलेला बदल, विषयपत्रिकेत नसते. सभा रेंगाळलेली असते, अर्धी बाकं रिकामी, आणि तेवढ्यात सूचक-अनुमोदकांच्या सह्यांचा कागद व्यासपीठाकडे जातो. नगरसचिव तो एका दमात वाचतात, माइकमधून निम्मे शब्द ऐकू येतात, महापौर ‘मंजूर?’ विचारतात, दोन-चार हात वर होतात की पुढचा विषय. मूळ प्रस्ताव एका भूखंडाचं आरक्षण, म्हणजे तो ज्या सार्वजनिक कामासाठी राखलाय ते, बदलण्याचा असतो. त्या कागदाने शेजारचा भूखंडही आत ओढला जातो. सही कुणाची होती, तेव्हा कोण उठलं आणि कोण गप्प बसलं, हे समोर बसलेल्यालाच कळतं. सभेची अधिकृत नोंद, म्हणजे इतिवृत्त, कायम व्हायचं तेव्हा होईल.

शिवाय मंजूर झालं म्हणजे संपलं, असंही नाही. आरक्षण बदलाचा ठराव झाला तरी नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 प्रमाणे नोटीस काढून एक महिन्याच्या मुदतीत हरकती-सूचना मागवाव्या लागतात, आणि शेवटची मंजुरी शासनाची असते. महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली शासन ठराव विखंडितही, म्हणजे रद्दही, करू शकतं. हरकत घेणाऱ्याला नुसत्या ठरावावरून काय लिहिता येणार? विरोध कशावर झाला आणि प्रशासनाने कोणता प्रश्न टोलवला, हे हाताशी असेल तर हरकतीला वजन येतं.

आधीच ठरलेलं असतं, हे पुष्कळदा खरं आहे. म्हणूनच एकही प्रश्न न येता विषय मंजूर झाला की मी ‘चर्चेविना’ असं मुद्दाम लिहितो. बाहेर पत्रकारांपुढे गरजणारे आत कसे बसले होते, तेही त्यातून दिसतं. आणि आठवून पाहा, मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्यात सभागृहच नव्हतं. आयुक्तच प्रशासक, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा, दोन्हींचे अधिकार त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. तेव्हा सगळं चार ओळींतच यायचं!

निविदा तर स्थायी समितीत मंजूर होतात, तिथलं का लिहीत नाही, हा तुमचा दुसरा टोला मात्र बरोबर जागी बसलाय. मुंबई सोडली तर 16 जणांची ही समिती. एखादा विषय तहकूब, पुन्हा तहकूब, आणि मग अचानक एकमताने मंजूर, हा खेळ तिथलाच. आमच्याकडे बाहेरच्यांना त्या बैठकीला बसू देत नाहीत. पण बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार महापालिकेने स्वतःहून जाहीर करायचं असतं. तोच धागा धरून इतिवृत्तांच्या प्रती मागवतोय. आधी वारंवार तहकूब झालेले विषय काढणार आहे. तुमच्या प्रभागातला एखादा असेल तर विषय क्रमांक आणि साधारण महिना कळवा.