उपवासाच्या नावाखाली

माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी संकष्टी धरली. मग मंगळवार, मग गुरुवार. घरात कोण कौतुक! "आजकालच्या पोरी करतात का एवढं?" लग्नकार्यात भेटेल ती बाई म्हणायची, "काय बारीक झालीस गं, छान दिसतेस." मीही म्हटलंय हे.

खटकलं ते वेगळंच. ही रात्री बारा-बारापर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघायची. पाडव्याला रात्रभर चक्का टांगून श्रीखंड केलं, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, स्वतः बोटसुद्धा चाटलं नाही. गोड बेताचं झालंय का, ते मला चाखायला लावलं. हात मात्र भर उन्हाळ्यात गारठलेले. पाळी चार महिने बंद, हे ताईला खूप उशिरा कळलं. पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यावर नाव कळलं, अॅनोरेक्सिया: वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जायचा मानसिक आजार.

तेव्हा मी वाचत सुटले. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वखुशीने आलेले लोक. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, ते शोधायचं होतं. तर हे बाप्ये पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले! ताटातलं अन्न चिवडत राहायचे, गारठायचे, चिडायचे, नाडी मंदावली. बारीक व्हायची हौस त्यांच्यातल्या कुणालाच नव्हती. म्हणजे उपासमारच डोकं ताब्यात घेते. अशा पोरीला "मनावर घे आणि जेव" म्हणून काय उपयोग?

मुळाशी आनुवंशिकता असते, सगळं अचूकच हवं असा स्वभाव असतो, वर आपले टोमणे. एकट्या आईला धरून बसण्यात अर्थ नाही. आणि वजनावरून ओळखायला जाल तर फसाल. बुलिमियात, म्हणजे भसाभसा खाऊन मग ते उलटून टाकायच्या आजारात, वजन बऱ्याचदा नेहमीसारखंच असतं, पण उलट्या काढून काढून पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

ताईला वाटलं, आता रोज तूपभात चारू. डॉक्टरांनी थांबवलं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, जिवावरही बेततं. चमच्याचमच्याने, रक्त तपासत वाढवलं.

परवा संकष्टी होती. ताईने चंद्रोदयाची वाट न बघता दुपारीच तिच्या ताटात मोदक वाढला. "तूप किती घातलंस?" तिने विचारलं. "घातलंय," ताई म्हणाली. अर्धा खाल्ला.