आवळलं की सुटतं

"बेवारस भंगार. सात दिवसांत न हलवल्यास सोसायटी विल्हेवाट लावेल." खाली सेक्रेटरींची सही, मराठीत, शेपटीसकट. कागद एफोर, फेविकॉल सढळ हाताने. माझ्या जुन्या सायकलची अख्खी फ्रेम मोकळी असताना तो गुंडाळला नेमका सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, जिथे तिचं एकुलतं एक ओळखपत्र होतं: रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळीचं ट्रान्सफर, म्हणजे चिकटवलेली छापील खूण. पन्नासेक वर्षांचं लॅकर, भेगाळलेलं. कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवून नोटीस हलकेच सोलली, तर "५३" नोटिशीबरोबर गेलं आणि फ्रेमवर "१" राहिला.

खरं तर ओळख पटवायला ट्रान्सफरवर विसंबायचंच नसतं. ५३१ ची ट्रान्सफरं आज नवी छापून मिळतात आणि कुठल्याही नळाच्या पाइपाला बसतात. खरं-खोटं मापात असतं. पण मापं सेक्रेटरीकाकांना दाखवायची म्हणजे काय, हे आधी माहीत असतं तर मी सरळ फ्रेम घेऊन वर गेलो असतो.

"हे बेवारस नाही, काका. ही रेनॉल्ड्सच्या नळीची फ्रेम आहे. बर्मिंगहॅम. ही नळी १९३५ ला बाजारात आली."

काका वाकले. "इथे तर नुसता एक लिहिलाय."

"पाचशे एकतीस होतं. तुमच्या नोटिशीने नेलं."

"पुरावा?"

मी माप घ्यायचा व्हर्निअर काढला. सीट ट्यूब बाहेरून २८.६ मिमी, आत २७.२ चा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, झुलत नाही की अडकत नाही. म्हणजे भिंत जेमतेम ०.७. साध्या जाड नळीच्या फ्रेमला २५.४ चा बसतो, तिथे भिंत दुपटीहून जाड. एवढ्याने ५३१ सिद्ध होत नाही, इटलीच्या कोलंबस एसएल नळीलाही २७.२ च लागतो. पण नळी भारीतली हे नक्की.

"म्हणजे पातळ," काका म्हणाले. "पातळ म्हणजे हलक्या प्रतीची. माझी हिरो बघा, दोन पोती गहू आणलेत तिच्यावरून."

"काका, हीच नळी जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या सांगाड्यात होती."

"मग जॅग्वार आणा ना. तिला पार्किंग देऊ."

यावर उत्तर सुचलं रात्री अडीच वाजता.

दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊनच आले. रंग हिरवा, म्हणून ही इंग्लंडच्या रॅले कंपनीचीच, असा निकाल त्यांनी रात्रीतून लावला होता. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात रॅलेचे बीबीचे (पेडलचा एक्सल फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचे) आटे स्वतःचे असत, इंचाला २६, आणि शेल, म्हणजे तो बसतो ती फ्रेमची आडवी नळी, ७१ किंवा ७६ मिमी रुंद. हिचं शेल ६८. इटालियन असतं तर ७० भरलं असतं आणि दोन्हीकडचे आटे सरळ निघाले असते. फ्रेंच शेलही ६८ चंच असतं, तिथे मात्र व्हर्निअर फसवतो. शेलमध्ये आट्यांनी बसणारा छर्ऱ्यांचा कप इंग्लिश असेल तर १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी, फ्रेंच ३५. फरक इतका कमी की चुकीचा कप दोन-तीन आटे गुमान आत जातो, मग रुततो आणि निघताना शेलचे आटे घेऊन निघतो. आटे मोजायचं पातं लावूनच बघावं: इंग्लिश इंचाला २४, फ्रेंच एक-एक मिमीवर. हिचे इंग्लिश निघाले.

चेनच्या बाजूचा कप निघेना. या बाजूला इंग्लिश आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. काकांनी मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात दीड फुटी पाना "नेहमीसारखा" लावून सगळं वजन टाकलं होतं. कप आणखी पाव फेरा आवळला गेला. कपाच्या दोन्ही सपाट कडा गोल.

"उलटे आटे? मुद्दाम?"

"इंग्लिश बीबीत या बाजूला असेच असतात."

"म्हणून राज्य गेलं."

पाना आता धरेना. उपाय स्वस्त आहे: पाच सुती (५/८ इंची) बोल्ट, एक नट, दोन-तीन जाड वॉशर, एक स्प्रिंग वॉशर. डावा कप आणि एक्सल आधी काढायचा. बोल्टचं डोकं शेलच्या आत, दांडा कपाच्या भोकातून बाहेर, वॉशर दोन्ही बाजूंनी, बाहेरून नट. डोकं डावीकडून सॉकेटने धरून नट घड्याळाच्या दिशेने करकचून आवळायचा. वॉशर कपाला घट्ट धरतात. मग सॉकेट काढून नट त्याच दिशेने पुढे रेटायचा, कप त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो. आदल्या रात्री भेदक तेल सोडलेलं बरं.

"आवळताय कशाला? सोडवायचंय ना?"

"आवळलं की सुटतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग वॉचमनकडे, मग तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या काकूंकडे. "ऐकलंत का, यांच्यात आवळलं की सुटतं!" तीन मजले हसले. आणि टक् आवाज होऊन कप सुटला. आत काळं मेण झालेलं ग्रीस आणि एका बाजूला नऊच छर्रे. पाव इंची अकरा लागतात, दोन कुठल्या तरी मेकॅनिकने खाल्ले होते.

"मी पाव फेरा आवळला होता म्हणून निघाला," काका म्हणाले.

आता हे हसण्यावारी नेतो आहे, पण त्याच पार्किंगमध्ये चारही टायर बसलेली, चादर पांघरलेली एक मारुती अकरा वर्षं उभी आहे. तिला नोटीस नाही. ती "गाडी" आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात सायकल ट्रॅकवर स्कूटर लावतात आणि मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढलेल्या फ्रेम किलोवर जातात. हिच्या डाउन ट्यूबखाली (पुढून बीबीकडे उतरणाऱ्या नळीखाली), हेड लगच्या, म्हणजे पुढच्या सांध्याच्या, मागे मी बोट फिरवून पाहिलं. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे फुगवटा येतो. नव्हता. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेपासून) हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणला, सीट ट्यूबपासून दोन्हीकडे अंतर सारखं. दोन ड्रॉपआउटमधली रुंदी १२० मिमी, म्हणजे पाच गिअरचा जमाना. पुढे सहा-सात गिअर आल्यावर ती १२६ झाली. इतकी सरळ राहिलेली वस्तू आमच्या कमिटीत एक नाही.

रंग मी काढणार नाही. सँडब्लास्टिंगवाल्याला पातळ नळी आणि गेटाची जाळी यांतला फरक कळत नाही, आणि पावडर कोटिंग आट्यांत भरलं की ते कोरत बसायचं. गंजलेल्या सुट्या भागांना किराणा दुकानातलं लिंबूफूल पुरतं: लिटरला पन्नास ग्रॅम, रात्रभर, मग खायच्या सोड्याचं पाणी, लगेच कोरडं, लगेच तेल. हिची चाकं मूळची २७ इंची; दुकानदार म्हणाला, "२८ ची टाका, इंचाचाच फरक." फरक इंचाचा नाहीच. २७ इंची रिम ६३० मिमी, आपल्या दूधवाल्या २८ दीडची (२८ × १½) ६३५. पण तो जाड टायर मागच्या नळ्यांना घासतो. मी ६२२ ची, म्हणजे ७००सी टाकणार आहे. ब्रेकचे गुटके ४ मिमी खाली सरकवावे लागतील.

काल मेंटेनन्सचं बिल आलं. त्यात नवी ओळ: "दुचाकी पार्किंग, नग १." मी खाली जाऊन म्हटलं, काका, तिला अजून एकही चाक नाही.

"लावाल तेव्हा वेगळे घेणार नाही," ते म्हणाले.